चौदा नंबरचा डावा हात

"बाबा, हा तू नाहीस," मुलगी म्हणाली आणि पुन्हा टोस्टला लोणी लावायला लागली.

मंगळवार होता, सकाळचे साडेसात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, त्याच्या एका अंगाला दुधाचा पेला आणि दुसऱ्या अंगाला तिची राहून गेलेली गणितं. शनिवारी त्याचा बास्केटबॉलमधला निरोपाचा सामना. क्लबच्या व्हिडिओवाल्याने त्यासाठी सात मिनिटांची फिल्म जोडून पाठवली होती आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत हो की नाही ते कळवा, म्हणून बजावलं होतं. सामन्याआधी ती हॉलच्या मोठ्या पडद्यावर दाखवायची होती, चार हजार माणसांसमोर. त्याने ती पाहिली होती. म्हणजे सुरुवातीचे बारा सेकंद सोडून पाहिली होती. ते बारा सेकंद तो गेली पंधरा वर्षं सोडूनच पाहत आला होता, जिन्यातली सैल पायरी माणूस सवयीने ओलांडतो तसा.

"का गं? पाठीवर चौदा नंबर दिसत नाही का?"

"नंबर आहे. पण तू उडी मारायच्या आधी तोंड उघडतोस. याचं तोंड बंद आहे."

बायको भांडी पुसत होती. ती हसली. "हे मात्र खरं. तुझा एकेक फोटो बघ, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा दिसतोस."

"जुना कॅमेरा आहे, नीट दिसत नाही त्यात," तो म्हणाला. मुलीने खांदे उडवले आणि वही ओढली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. त्याच्या दृष्टीने मात्र नाही. पंधरा वर्षांत हे खोटं त्याने तोंडाने कधी उच्चारलंच नव्हतं, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती, आणि ती इतकी वर्षं बिनबोभाट चालली होती. आता नऊ वर्षांच्या पोरीने टोस्ट खाता खाता ती मोडीत काढली.

तो बाथरूममध्ये गेला आणि दात घासायला लागला. डाव्या हाताने. या घरात आरसा त्याच्या उंचीला लावलेला होता. बायकोने स्वतः तो वर टांगून घेतला होता आणि आपल्यासाठी खाली एक स्टूल ठेवलं होतं. याआधीच्या पाच भाड्याच्या घरांतले आरसे त्याला फक्त छाती ते हनुवटी एवढाच दाखवायचे, आणि दाढी करायची तर गुडघे वाकवून, खुर्चीवर बसल्याच्या आविर्भावात करावी लागायची. पाच घरं, पाच गावं, पाच भाषांतले शिव्याशाप, आणि सगळीकडे त्याला एकच नाव: डावरा. पहिल्या गावातल्या पेपराने ते दिलं आणि मग ते सामानाबरोबर पुढे पुढे येत गेलं. या शहरात तर भाजीवालीसुद्धा त्याला डावरा म्हणे आणि पिशवी मुद्दाम डाव्या हातात देई. तो मुळात उजव्या हाताचा होता. सही उजव्या हाताने, स्क्रू पिळायचा तो उजव्या हाताने, मुलीला पहिल्यांदा उचललं ते उजव्या हातावर. डावा हात त्याने मोठेपणी, बाविसाव्या वर्षी, स्वतःला शिकवला होता. आणि का शिकवला, ते जगात फक्त त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्याने चूळ भरली. आरशातला माणूस सदतीस वर्षांचा होता, खूष दिसत होता, आणि का कोण जाणे चोरासारखा दिसत होता.

ते असं झालं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, एका सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचा घोटा मुरगळला. तो संघातला मोठा गडी, रिंगखाली उभा राहणारा. त्याच्या जागी सरांनी बगळ्याला उतरवलं. बगळा म्हणजे त्याचा होस्टेलमधला खोलीसोबती, अंगाने काटकुळा, मानेने लांब, आणि एरवी बाकावर बसून सगळ्यांना टॉवेल फेकणारा. तिसऱ्या डावात समोरच्या गड्याचा ओठ फुटला आणि रक्त बगळ्याच्या जर्सीवर सांडलं. रक्ताची जर्सी घालून खेळू देत नाहीत, आणि कॉलेजकडे जादा जर्सी असण्याइतकं कौतुक कोणाला होतं? हा बाकावर बसला होता, घोट्याला बर्फ बांधून, पण सवयीने जॅकेटाच्या आत आपली चौदा नंबरची जर्सी घालून. त्याने ती डोक्यातून काढली आणि बगळ्याकडे फेकली. पंचांनी कागदावर नंबर बदलून घेतला. कागदावर सगळं चोख होतं. पण सामन्यांचं चित्रीकरण करायला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक असिस्टंट यायचा; त्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. पुढे वसंतात परदेशी क्लबांसाठी खेळाडू शोधणारा एजंट आला, 'मोठ्या गड्याची एक डिस्क द्या' म्हणाला, आणि त्या असिस्टंटने वर्षभराच्या फितींतून चौदा नंबर दिसला की काप, चौदा नंबर दिसला की काप, असं करत डिस्क बनवली. त्या एका सामन्यातले बारा सेकंदही त्यात आले. बगळा रिंगकडे पाठ करून चेंडू घेतो, अंग आडवं करतो, आणि डाव्या हाताने डोक्यावरून कमान काढून चेंडू सोडतो. त्याला हूक म्हणतात. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली येतो. असिस्टंटला तो भाग आवडला असावा, कारण त्याने तो सगळ्यात आधी लावला.

हे त्याला कळलं ते हजारो मैलांवर, परदेशातल्या पहिल्या क्लबच्या हॉलमध्ये, पहिल्याच दिवशी. कारखान्यांचं गाव होतं. हॉल इतका थंड की खेळाडू ओरडले की तोंडातून वाफ निघायची. तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला रिंगखाली उभं केलं, सगळ्या संघाला भोवती बोलावलं आणि म्हणाला, "आता बघा. हा डावा हात बघूनच मी याला आणलाय." त्याला वाटलं म्हाताऱ्याची काही गफलत होतेय. मग म्हाताऱ्याने आपल्या खोलीत नेऊन डिस्क लावून दाखवली. याच्या चौदा नंबरच्या जर्सीत बगळा. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण पहिला महिना पारखून बघण्याचा होता, घरी आईने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, आणि म्हातारा पडद्याकडे इतक्या मायेने बघत होता की त्याला ते वाक्य सापडेना. हॉलमध्ये परत जाऊन त्याने सात वेळा डाव्या हाताने चेंडू टाकला. सातही वेळा चुकला. एकदा तर बोर्डाच्या मागे गेला. "प्रवासाचा शीण आहे," म्हातारा म्हणाला.

मग तो शिकला. हॉल झाडणारी बाई सकाळी सहाला दार उघडायची; तिच्यामागोमाग हा आत. ती एका टोकाकडून झाडू मारत यायची आणि हा दुसऱ्या टोकाला डाव्या हाताने चेंडू फेकत राहायचा, तीनशे, चारशे, बोटं सुन्न होईपर्यंत. हातालाच शहाणं करायचं तर सगळीकडून करायला हवं, म्हणून दात डाव्या हाताने, चमचा डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने, शर्टाची बटणं डाव्या हाताने. पहिले पंधरा दिवस हिरड्यांतून रक्त यायचं आणि सूप मांडीवर सांडायचं. महिना संपायला चार दिवस उरले असताना झाडणारी बाई झाडू टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "आज आवाज बदलला." खरंच बदलला होता. चेंडू रिंगवर आपटायचा बंद झाला होता. नुसतं जाळीचं सळसळणं ऐकू येत होतं. त्या शनिवारी सामन्यात त्याने डाव्या हाताने चार टाकले, आणि सोमवारच्या पेपरात डावरा आला.

पुढे सगळं त्या हातावरच झालं. दोन वर्षांनी बंदराच्या गावाने बोलावलं, ते डाव्या हातासाठी. तिथे गुडघा दुखावला, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, आणि पोहण्याच्या तलावावर शिकवणारी मुलगी त्याला म्हणाली, "इथे खोल पाण्यातही तुमचं डोकं वरच राहतं, तुम्हाला शिकवू काय?" तिच्याशी त्याने लग्न केलं. मग डोंगरातलं गाव, जिथे मुलगी झाली. मग बेट, जिथे संघाची बस बोटीत चढवून सामन्याला न्यायचे आणि अर्धा संघ उलट्या करत उतरायचा. मग एका मोठ्या शहरात वर्षभर नुसतं बाकावर. आणि शेवटी हे शहर, सात वर्षं, आरसा उंचावर. आनंदाचं आयुष्य. तो मनापासून तसं म्हणायचा, आणि म्हणताना दरवेळी कुठेतरी बारीक टोचायचं, बुटात खडा असावा तसं. हे आयुष्य त्याचं होतं की बगळ्याच्या बारा सेकंदांचं? ते बारा सेकंद बगळ्याच्या नंबराखाली असते तर एजंटने कोणाची डिस्क नेली असती? बगळा कॉलेजनंतर लिफ्ट दुरुस्त करायला लागला होता. अजूनही तेच करत होता. वर्षातून तीनचारदा फोन व्हायचा, बगळा दिलखुलास बोलायचा, आणि त्यातला एखादा फोन ठेवल्यावर हा वर्षातून एकदा दुकानात जाऊन सगळ्यात भारी बूट घ्यायचा आणि त्याला पाठवायचा. पंधरा वर्षांत पंधरा जोड. बायको म्हणायची, "इतकं प्रेम कोणावर नसतं रे, बुटांच्या बाबतीत तरी."

आणि त्याच बगळ्याला त्याने शनिवारच्या सामन्याला बोलावलं होतं. क्लबने विचारलं, दोन पाहुण्यांची नावं द्या. आई आता नव्हती. पेन हातात होतं, उजव्या हातात, आणि त्या हाताने विचार न करता बगळ्याचं नाव लिहिलं. तेव्हा ही फिल्म कुठे होती? आता बगळा उद्या येणार, पाहुण्यांच्या रांगेत बसणार, आणि दिवे मालवले की आपल्या बाविसाव्या वर्षाला दुसऱ्याच्या नावाने पडद्यावर बघणार. नुसतं व्हिडिओवाल्याला 'पहिला तुकडा काढून टाक' म्हटलं की झालं. एक फोन. मंगळवारी दुपारी तो नेहमीप्रमाणे सरावाआधी तासभर आडवा झाला, पडदे ओढून, पाय पलंगाच्या बाहेर, आणि हा फोन त्याने मनातल्या मनात दहा वेळा केला. दहाही वेळा पलीकडून व्हिडिओवाला विचारायचा, "का?" खिडकीखाली कोणीतरी गालिचा झोडपत होतं. त्या आवाजाच्या तालावर त्याचा डावा हात चादरीखाली आपोआप वर व्हायचा आणि मनगट वळायचं. झोपेतही तो हात कामाला असतो, असं बायको सांगायची. आज त्याला त्या हाताची लाज वाटली, आणि लगेच त्याचा कळवळाही आला. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? सांगितलं ते केलं होतं.

बुधवारी बगळा आला. विमानतळाच्या दारातून आधी मान बाहेर आली, मग बगळा. पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते, हसू तेच. पायात यंदाचे पांढरे बूट. "आयला, तुझं गाव भारी आहे," तो गाडीत म्हणाला, "पण विमानतळावरची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर हिसका देते. सांग कोणालातरी." घरी आल्यावर त्याने मुलीला पंख्याच्या उंचीवर उचललं, बायकोच्या स्वयंपाकाची तोंड भरून स्तुती केली, आणि स्टुलावर न चढता आरशात स्वतःला बघून म्हणाला, "असा आरसा हवा. आमच्याकडे मी अजून स्वतःचं टक्कल बघितलेलं नाही." सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता मुलीकडे त्याचं लक्ष गेलं. ती बगळ्याकडे टक लावून बघत होती, विशेषतः त्याच्या तोंडाकडे. मग तिने पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढलं, हे ती एरवी कधी करत नसे.

"तू काहीतरी गिळून बसलायस," बायको आवराआवर करताना हळूच म्हणाली.

"कशावरून?"

"तू डाव्या हाताने जेवलास, पण पाहुण्यासमोर लपवून. इतकी वर्षं डाव्याने जेवतोस आणि सही उजव्याने करतोस. मी कधी विचारलं? नाही विचारलं. पण विचारायचं राहिलंय, एवढं लक्षात ठेव."

गुरुवारी सकाळी बगळा म्हणाला, तुझा हॉल दाखव. दहा वाजता हॉल रिकामा होता. लाकडी जमिनीवर नुकतंच पुसलेलं पाणी वाळत होतं आणि उंच खिडक्यांतून उन्हाचे चौकोन पडले होते. बगळ्याने चेंडू उचलला, दोनतीनदा आपटला, कानाजवळ नेला. मग उजव्या हाताने चार टाकले, एक गेला. धाप लागली. "आता तू. तो तुझा हूक दाखव. मोबाइलवर ढीग वेळा बघितलाय, समोर उभं राहून नाही." त्याने रिंगकडे पाठ केली. चेंडू घेतला, अंग आडवं केलं, आणि हाताला सोडून दिलं. जाळी सळसळली. "वा!" बगळा म्हणाला. "पुन्हा." पुन्हा सळसळली. "कुठे शिकलास रे हे? कॉलेजात तर तुझा डावा हात नुसता घड्याळ बांधायला होता."

"तुझ्याकडून शिकलो," तो म्हणाला.

बगळा हसला. मग त्याचा चेहरा बघून हसायचा थांबला. ते दोघं खालच्या बाकावर बसले आणि त्याने सगळं सांगितलं: जर्सी, असिस्टंट, डिस्क, म्हातारा, झाडणारी बाई. पंधरा वर्षं मनात फिरवून फिरवून गुळगुळीत केलेली वाक्यं ऐनवेळी एकही उपयोगी पडली नाहीत. "तुझ्या जागी मी आलो," शेवटी तो म्हणाला. "सरळ सांगायचं तर तेच आहे. आणि मी तुला बूट पाठवत बसलो." त्याने मोबाइल काढून ते बारा सेकंद लावले आणि बगळ्याच्या हातात दिले. स्वतः घड्याळाकडे बघत राहिला. अकराला दहा कमी होते.

बगळ्याने ते बघितले. "परत लाव," म्हणाला. परत बघितले. मग स्वतःच लावायला शिकला आणि चौथ्यांदा, पाचव्यांदा बघितले, मोबाइल नाकाजवळ नेऊन. "किती बारीक होतो रे मी," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "मला कोणी कधी शूट केलं असेल असं वाटलंच नव्हतं. पोरांना सांगतो मी खेळायचो, तर ती एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात." आणि मग एकदम मान वर करून: "पण थांब. डावा हात कसला? लेका, माझा कुठला डावा हात!"

"म्हणजे?"

"त्या पोराचा ओठ कोणी फोडला असं वाटतं तुला? माझ्या उजव्या कोपराने. खांद्यापर्यंत बधिर झाला होता हात. चेंडू धरवत नव्हता. म्हणून डाव्याने भिरकावले. पाच भिरकावले त्या दिवशी. हा एक बसला. बाकीचे चार आठवत नाहीत तुला? एक सरांच्या फायलीवर गेला, कागद उडाले सगळे!"

आणि त्याला आठवलं. कागद उडालेले त्याला नेहमीच आठवत होते, सरांनी ते गोळा करताना दिलेली शिवीही आठवत होती. पण डोक्याने ते कधीच उचलून दुसऱ्याच कुठल्या सामन्यात नेऊन ठेवले होते. असिस्टंटने एक ठेवला आणि चार कापले. ज्या हाताची नक्कल करायला त्याने हिरड्या सोलून घेतल्या, तो हात कधी नव्हताच. नेम धरून कोणी काही केलंच नव्हतं. "मग मी शिकलो ते कोणाचं?" त्याने विचारलं.

"ते मला काय विचारतोस? मी लिफ्टवाला आहे." बगळा हसायला लागला, आणि मग यालाही हसू फुटलं, आणि रिकाम्या हॉलमध्ये दोन साडेसहा फुटी माणसं पोट धरून हसत राहिली. हसणं ओसरल्यावर बगळ्याने चेंडू मांडीवर घेतला.

"गेलो असतो का रे मी?" त्याने विचारलं. "खरं सांग."

"कदाचित."

"म्हाताऱ्याने डावा मागितला असता, मी सात चुकवले असते, आणि आठव्याआधी बॅग भरली असती. सकाळी सहाला मला कोणी उठवून दाखवावं." तो चेंडूवरच्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिला. "पण बोलावणं आलं असतं, तर बरं वाटलं असतं. एकदा तरी. ते मात्र खोटं सांगत नाही."

ऐकून याला दुःख झालं, खरंखुरं आणि सरळ. पण ते पंधरा वर्षांच्या टोचण्यासारखं नव्हतं. हे दुःख दोघांच्या मध्ये बाकावर ठेवता येत होतं.

"आता माझंही एक ऐक," बगळा म्हणाला, आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. बूट काढला. आत मोजा. मोजा काढला, तर आत आणखी एक मोजा. "माझा पाय तुझ्यापेक्षा एक नंबर लहान आहे. पहिल्या वर्षी सांगायला लाजलो. मग दुसरा जोड आला, मग तिसरा. आता पंधरा वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगणार?"

बाराला वीस कमी असताना त्याने व्हिडिओवाल्याला फोन केला. पहिला तुकडा ठेव म्हणाला, फक्त खालची ओळ बदल.

"काय लिहू?"

"लिही: जर्सी माझी, हात मित्राचा."

"नक्की? लोक गोंधळतील."

"गोंधळू दे," तो म्हणाला. घरी गेल्यावर त्याने बायकोलाही सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ओले हात पुसले आणि म्हणाली, "एवढंच? मला वाटलं होतं, तुला मी वाढलेलं आवडत नाही म्हणून तू मुद्दाम चुकीच्या हाताने जेवतोस."

शनिवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. दिवे मालवले. तो मधल्या वर्तुळात एकटा उभा होता, जर्सीत, गुडघ्याला पट्टी बांधून, आणि समोर दोन मजली पडदा उजळला. आज सैल पायरीवर पाय द्यायचाच, असं त्याने ठरवलं होतं. त्याने डोळे उघडे ठेवले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने ते बारा सेकंद पहिल्यापासून बघितले. बगळा, पाठमोरा, चौदा नंबर. खाली ओळ उमटली आणि बाकांवरून कुजबुज फिरली. मग तिसऱ्या रांगेतून कोणीतरी लांब मानेच्या पाहुण्याकडे बोट दाखवलं आणि टाळ्या सुरू झाल्या. बगळा अर्धवट उठला, काय करावं न सुचून दोन्ही हात वर केले आणि खाली बसला. पडद्यावर त्याचं अंग आडवं झालं, डावा हात वर गेला. मोबाइलवर कडेला जे नुसतं काळपट दिसलं असतं, ते इथे माणसाएवढं झालं होतं. तो बाक होता. बाकासमोर कोणीतरी उभं होतं, जॅकेट अंगात, आत जर्सी नाही, एक पाय अधांतरी आणि घोट्याला बर्फाची पिशवी. बगळ्याच्या हातून चेंडू सुटायच्या क्षणभर आधी त्या लंगड्या पोराने एका पायावर उडी मारली होती. तोंड आऽ वासून.

"बाबा!" टाळ्यांच्या वरून मुलीचा आवाज आला. ती खुर्चीवर उभी राहून पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. "हा तू!"

चेंडू जाळीतून खाली आला आणि पडद्यावर पुढचं चित्र लागलं, थंड हॉल, तोंडातून वाफ, डावरा. त्याने ते फारसं बघितलं नाही. डोळे चुरचुरत होते. दिवे लागले, संघ वर्तुळाभोवती जमला, समोरचा वीस वर्षांचा दांडगा गडी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि पंचांनी चेंडू दोघांच्या मध्ये धरला. पंचांचा हात वर गेला. त्याने तोंड उघडलं आणि उडी मारली.